फोटोची मागची बाजू : इंदूरच्या गल्ल्यांत अनोळखी माणसांचे फोटो काढताना

पुण्याला आत्याकडे गेले की शेजारच्या काकू दोन वाक्यांत ओळखतात, "इंदूरची ना तू? बोलण्यावरून वाटलंच." आणि इंदुरात पोह्यांच्या ठेल्यावर आईशी मराठीत बोलत उभी असले की शेजारचा माणूस आपुलकीनं विचारतो, "आप लोग महाराष्ट्र से हो?" आमची इंदुरातली ही चौथी पिढी. दोघांच्याही विचारण्यात वावगं काहीच नसतं, तरी उत्तर देताना मी दरवेळी क्षणभर अडखळते.

हे अडखळणं इतरांच्याही वाट्याला येत असेल का, हे बघायला मी सात वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन गल्ल्यांत फिरायला लागले. आपल्याच शहरातल्या अनोळखी माणसांचे फोटो काढावेत आणि त्या निमित्तानं 'आपण इथले म्हणजे नेमके कुठले' हेही शोधावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं इंदूरची आहेत, कारण मी शिकले ती इथंच. पद्धत तुमच्या गावातही चालेल.

शहर नको, एक गल्ली धरा

सुरुवातीला सगळे राजवाड्यासमोर जातात. मीही गेले होते. पण तिथे माणूस मागे पडतो आणि खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी असे सात मजले पुढे येतात. शिवाय तिथला प्रत्येक जण फोटोच्या तयारीत असतो. राजवाडा नंतरसाठी ठेवा आणि चारशे पावलांत संपेल अशी एकच गल्ली निवडा.

निवडायच्या आधी शहराच्या नकाशातली वस्त्यांची नावं मोठ्यानं वाचून काढा. मल्हारगंज मल्हाररावांच्या नावाचं, तुकोगंज तुकोजीरावांच्या. पागनीस पागा म्हटलं की घोडे आले, मल्हार पलटन म्हटलं की शिपाई आले. पंढरीनाथ म्हणजे विठ्ठल, थेट माळव्यात येऊन उभा राहिलेला. बोहरा बाखलमधली 'बाखल' म्हणजे आपल्या आळीसारखी वस्ती. आणि मिलच्या भागात परदेशीपुरा. नावातच परदेशी, आणि आज तिथल्या माणसांइतकं पक्कं इंदुरी कोणी नाही. कोण कुठून आलं याचा अर्धा इतिहास या नावांतच आहे. उरलेला अर्धा म्हाताऱ्या माणसांना विचारायचा.

गल्ली घराजवळची असावी. दहा वेळा जायचं आहे, लांबची असली की तिसऱ्या खेपेलाच कंटाळा येतो.

पहिल्या चार खेपा, कॅमेरा घरी

ही पायरी लोक गाळतात, म्हणून जरा जोर देऊन सांगते. पहिल्या चार वेळा कॅमेरा न्यायचा नाही आणि खिशातला फोनही बाहेर काढायचा नाही. एकाच टपरीवर चहा घ्यायचा, एकाच वेळी जायचं. कुठल्या ओट्यावर किती वाजता ऊन येतं, कोण कुठे बसतं, कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे घरी आल्यावर वहीत टिपायचं. माझ्या अनुभवात गल्लीची सगळ्यांत चांगली माहिती इस्त्रीवाल्याकडे असते. कोण नोकरीला लागलं, कोणाकडे लग्न आहे, कोणाचे कपडे यायचे बंद झाले, हे त्याला ठाऊक असतं. तो तुम्हाला ओळखायला लागला की गल्ली ओळखायला लागते. पाचव्या खेपेला कॅमेरा गळ्यात दिसला तरी मग कोणी दचकत नाही. "आज फोटू वाली बनके आई हो?" असं विचारून लोक हसतात, आणि अर्धं काम तिथंच होतं.

सामान थोडकंच न्या. ३५ किंवा ५० मिमीची एक लेन्स पुरे. लांबची झूम लेन्स या कामाला नको, ती पलीकडच्या कोपऱ्यातून माणसाला न विचारता टिपायला शिकवते. फोन असेल तर तोही चालेल, फक्त चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते आणि जवळून नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे या, नाहीतर २एक्स वापरा. पिशवीत एक वही, बारीक टोकाचा परमनंट मार्कर आणि काही लिफाफे ठेवा. मार्कर कशाला, ते पुढे येईल.

विचारायचं कसं

दोन मीटरवर थांबा, कॅमेरा खालीच असू द्या. आधी आपण कोण ते सांगा. मी साधारण असं म्हणते : "काका, मैं लोकमान्य नगर में रहती हूँ. इस गली के लोगों के फोटो बना रही हूँ. आपका एक निकाल लूँ? प्रिंट लाके दूँगी." यात चार गोष्टी येतात, मी कुठली, काय करते आहे, तुमची मर्जी आणि तुम्हाला काय मिळणार. चौथी देणार नसाल तर बोलू नका.

समोर मराठी बोलणारं कोणी असेल तर आपोआप मराठी सुरू होते आणि तीही आपली इंदुरी. पंढरीनाथजवळच्या एका आजींनी मला खिडकीतून हाक मारली होती, "काय करून राहिलीस गं बाळ, केव्हाची उभी आहेस!" तिथे पुस्तकी मराठीत उत्तर दिलं असतं तर खिडकी लागली असती.

नकार आला की कारण विचारू नका. तोंडानं 'नाही' म्हणणं हाच एक नकार नसतो. हात हलला, मान वळली, पदर पुढे ओढला गेला, तरी उत्तर मिळालंच. पहिल्या महिन्यात मला दहांतले चार जण नाही म्हणाले. त्यांतल्या दोघांनी पुढे सहा महिन्यांनी स्वतः बोलावून घेतलं. पण तशी आशा धरून त्यांच्याभोवती घुटमळू नका, लोकांना ते कळतं.

कधी अर्धा होकारही मिळतो. बोहरा बाखलमध्ये एका बाई म्हणाल्या, चेहरा नको, हात चालतील. त्या लेस लावत होत्या. फिक्या हिरव्या रिदाची, म्हणजे बोहरा बायकांच्या पेहरावाची, कड, त्यावर बोटभर रुंदीची पांढरी लेस, डाव्या हाताच्या तर्जनीवर सुईनं पडलेले काळसर ठिपके. एवढंच त्यांनी दिलं आणि मी एवढंच घेतलं. चेहरा असता तर त्या ठिपक्यांकडे माझं लक्ष गेलं नसतं.

आणि एक प्रश्न कधीच विचारू नका : "आप मूल कहाँ के हो?" आपल्याला हा प्रश्न साधा वाटतो, कारण विचारणारे आपण असतो. ऐकणाऱ्याला त्यातून 'इथले नव्हेत' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी मी तीन प्रश्न ठेवले आहेत. या गल्लीत तुम्हाला कुठे बसायला आवडतं? बाहेरगावी गेलात की इथलं काय आठवतं? आणि उद्या ही गल्ली पाडून नवी बांधली, तर कुठली एक वस्तू तशीच ठेवायला सांगाल? मूळ गाव सांगावंसं वाटलं तर ते या उत्तरांत आपसूक येतं, त्यांच्या मर्जीनं येतं.

उभं कुठे राहायचं, ते त्यांनी ठरवायचं

या सगळ्या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. माणूस हो म्हणाला की आपण लगेच "जरा इकडे या, तिथे उजेड चांगला आहे" म्हणतो आणि त्याला त्याच्या जागेवरून उचलून आपल्या जागेवर ठेवतो. तसं न करता विचारा, "आप कहाँ खड़े होंगे?" आणि गप्प राहा. दहा सेकंद जातील, वीस जातील. तो आजूबाजूला बघेल आणि मग चालायला लागेल. तो कुठे जातो ते बघा.

परदेशीपुऱ्यात एका म्हाताऱ्या मिल कामगाराला मी हे विचारलं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, तेव्हा हे काका चाळिशीत होते. मला वाटलं, मिलच्या बाजूला नेतील. ते घरात गेले आणि दाराच्या आतल्या भिंतीपाशी उभे राहिले. भिंतीत एक खिळा होता. डब्याची पिशवी रोज पाळीवरून आल्यावर त्याला टांगायची. खिळ्याचं डोकं पिशवीच्या बंदानं घासून घासून गुळगुळीत झालेलं, भोवती रंगाचे थर, पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पांढरा. मिल गेल्यावर भिंतीला कितीदा रंग लागला, पण खिळा काढू दिला नाही, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. काकांनी हात खिळ्याजवळ नेला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. माझं सगळं ठरवलेलं बाजूला राहिलं आणि फोटो झाला.

पुष्कळ जण ताठ उभे राहतात, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. "नॅचरल राहा, हसा" असं म्हणण्याचा मोह आवरा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत फोटो ही तयारीनं सामोरं जायची गोष्ट होती. पदर नीट करायचा, टोपी सारखी करायची, हनुवटी उचलायची. ते ताठ उभं राहणं हे त्यांनी स्वतःला दिलेलं रूप आहे आणि ते तसंच फोटोत यायला हवं. नंतर बोलता बोलता सैल झाले तर दुसरा फोटो काढा. पण पहिला पुसू नका.

इंदुरात कॅमेरा तसा जुना. लाला दीनदयाळ इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशांचं काम करायचे. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं. पुढच्या शतकात मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरनं महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताराजे यांचे फोटो काढले. पोशाख काय घालायचा, कसं बसायचं, यात राजाराणीला नेहमीच शब्द होता. तोच शब्द खिळ्यापाशी उभ्या राहिलेल्या काकांना असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

उजेड

जागा त्यांची ठरली की उजेडाचं बघायचं काम तुमचं. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खाचांत काळोख साचतो. थंडीत सकाळी आठ ते साडेनऊ आणि उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचनंतर जा. भरदुपारी जावंच लागलं तर ओट्यावरच्या सावलीत, समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड तोंडावर घ्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसारखा मऊ दिवा दुसरा नाही.

बाजारातल्या निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स हातानं लावूनही ते पुरतं जात नाही, कारण एका गालावर ताडपत्रीचा उजेड असतो आणि दुसऱ्यावर रस्त्याचा. माणसाला हलवायचं नाही हे खरं, पण अर्धं पाऊल पुढे याल का, एवढं विचारायला हरकत नाही. बहुतेकदा तेवढ्यानं काम होतं. सावळा चेहरा आणि पांढरा सदरा असेल तर उजेडाचं माप चेहऱ्यावरून घ्या. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की ते माप अडकून राहतं. सदरा थोडा फटफटीत झाला तरी चालेल, चेहरा काळवंडता कामा नये. हलत्या हातांसाठी शटर १/२५० सेकंदावर ठेवा, नुसतं उभ्या माणसाला १/१२५ पुरतं.

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री शटर खाली आली की खाऊची गर्दी. एकाच ओट्याला दोन मालक, दोन गिऱ्हाइकं. या विषयाला इतकी चांगली जागा शोधून मिळणार नाही. पण तिथले एलईडी दिवे फोटोत आडवे काळे पट्टे पाडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलंत की पट्टे बहुतेक जातात.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, या कामासाठी जाऊ नका. सगळे चेहरे एका रंगाचे झालेले असतात आणि कॅमेऱ्यावर पाण्याचा मारा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. माणसं कामाला लागलेली असतात आणि प्रत्येकाच्या कानामागे थोडा गुलाबी राहिलेला असतो.

प्रिंट, आणि तिची मागची बाजू

प्रिंट आठवड्याच्या आत द्यायची. ४ बाय ६ इंचाची पुरे. व्हॉट्सॲपवर पाठवला की झालं असं वाटतं, पण फोनमधला फोटो शंभर फोटोंखाली जातो. प्रिंट आरशाच्या चौकटीत अडकवली जाते.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. बर्तन बाजारात एक कल्हईवाले बसत. भरघोस मिशा, डोक्याला लाल मुंडासं. नवसागराचा धूर उठला, कापसाच्या बोळ्यानं त्यांनी परातीत कथील फिरवलं आणि काळं तांबं बघता बघता चांदीसारखं झालं, तो क्षण मला सापडला होता. घरी आल्यावर मी प्रिंटच्या मागे सुबक अक्षरांत लिहिलं : राजस्थान से आए कलईवाले. विचारलं नव्हतं. मुंडासं आणि मिशा बघून ठरवून टाकलं होतं.

त्यांनी प्रिंट बघितली, खूश झाले, मग उलटी केली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, मेरे दादा की ठीया भी यहीं थी. ये पीछे वाला मिटा दो." माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या काकू आणि पोह्यांच्या ठेल्यावरचा माणूस, दोघेही उभे राहिले. जो प्रश्न मला आयुष्यभर खुपला, त्याचं उत्तर मी या माणसाला न विचारताच त्याच्या पाठीवर लिहून टाकलं होतं. मी माफी मागितली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझी ओळ खोडली आणि खाली, एकेक अक्षर सावकाश, इंदुरातल्याच वस्तीचं नाव लिहिलं : छत्रीबाग वाले.

तेव्हापासून मागे मी लिहीत नाही. दोन प्रिंटा नेते. एक त्यांची, एक माझी. माझ्या प्रिंटच्या मागे त्यांनी एक ओळ लिहायची, वाटेल त्या भाषेत. लिहिता येत नसेल तर सांगायची, मी लिहून मोठ्यानं वाचून दाखवते आणि त्यांनी मान हलवली की मगच मार्करचं टोपण लावते. मार्कर यासाठी लागतो. जेल पेनची शाई फोटोच्या कागदावर फरफटते आणि बॉलपेन दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूनं चेहऱ्यावर उमटतात. लिहिल्यावर मिनिटभर वाळू द्या, मग लिफाफ्यात घाला.

खिळ्याच्या काकांनी लिहिलं, "भोंगा बजता था तो घड़ी की जरूरत नहीं थी." पंढरीनाथच्या आजींनी चष्मा लावून लिहिलं, "सन ७१ पासून हीच खिडकी." बाखलमधल्या बाईंनी गुजराती लिपीत लिहिलं आणि वाचून दाखवायला नकार दिला. मला ती लिपी येत नाही. मी कोणाकडून वाचूनही घेतलेली नाही.

काय काढायचं नाही

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला कायद्यानं सरसकट बंदी नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, तेव्हा 'रस्ता सगळ्यांचा' एवढं म्हणून सुटता येत नाही. फोटो जाहिरातीत किंवा विक्रीसाठी जाणार असेल तर लेखी संमती घ्याच. महूसारख्या लष्करी छावणीत कॅमेरा बाहेर काढू नका. देवळांत, दवाखान्यांत, स्टेशनावर तिथल्या नियमांप्रमाणे चाला.

झोपलेलं माणूस, आजारी माणूस, हात पसरलेलं माणूस, यांचे फोटो मी काढत नाही. त्यांना हो किंवा नाही म्हणायला खरी मोकळीक नसते. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारून, आणि शाळेचा बिल्ला दिसेल असे तर नाहीच. घरावरचे नंबर, दुकानाच्या पाटीवरचे फोन नंबर चौकटीबाहेर ठेवा. आणि कोणी वर्षभरानं येऊन फोटो काढून टाका म्हणालं, तर वाद न घालता काढून टाका.

निवड आणि दोरी

सहा महिन्यांत दोनेकशे फोटो होतात. त्यांतले वीस ठेवा. घरी जमिनीवर सगळ्या प्रिंटा पालथ्या मांडा आणि आधी मागच्या ओळी वाचा. मराठी एका बाजूला, सिंधी एका बाजूला, बोहरा तिसऱ्या, असे ढिगारे करू नका. तसं केलं की आपण पुन्हा तोच 'मूळ कुठले' प्रश्न विचारून बसतो. मी वस्तूंवरून लावते : खिडक्या एकत्र, हात एकत्र, दारं एकत्र. आजींच्या खिडकीशेजारी सराफ्यातल्या रात्रीच्या दुकानदाराची लोखंडी खिडकी आली, तेव्हा दोघांचे कोपर एकाच जागी झिजलेल्या चौकटीवर टेकलेले दिसले. ढिगारे केले असते तर ते दोघं कधी भेटले नसते.

दाखवायचं पहिल्यांदा त्याच गल्लीत. दोन खांबांना सुतळी बांधा, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. संध्याकाळी दोन तास पुरे होतात. शेवटी ज्याचा फोटो त्यानं काढून न्यायचा. तुमच्याकडे मागच्या ओळीसकट स्कॅन असतोच. लावायच्या आधी प्रत्येकाला दारात जाऊन विचारून या, गल्लीत लागलेला चालेल ना. घरात ठेवायला दिलेला होकार चौकात लावायला पुरत नाही.

मागच्या खेपेला कल्हईवाले काका लवकर आले. त्यांचा फोटो मधोमध होता, परात, धूर, मिशा, सगळं छान दिसत होतं. त्यांनी चिमटा काढला, प्रिंट उलटी केली आणि लिखाणाची बाजू रस्त्याकडे ठेवून परत लावली. येणारे जाणारे वाचायला थांबले आणि मग फोटो बघायला वाकून पलीकडे गेले. आता मी सुतळी भिंतीपासून दोन हात पुढे बांधते, म्हणजे मागून फिरता येतं.